आधी टाकी, मग फिल्टर

मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटींची इंजिनं सांभाळणं हा माझा धंदा. इंजिन म्हणजे दोन किंवा तीन सिलिंडरचं, फार तर चाळीस हॉर्सपॉवरचं डिझेल. ससून डॉकचे ट्रॉलरवाले त्याच्याकडे बघून 'हे शेतातल्या पंपाचं का?' असं विचारतात. मला फोन येतो तो बहुधा एकाच वाक्याचा: 'काल चालू होतं, आज बंद पडलं.' जाऊन बघावं तर इंजिन ठणठणीत असतं. त्याच्यापर्यंत डिझेल पोचत नसतं, किंवा डिझेलबरोबर भलतंच काही पोचत असतं. या कामात जे हाताला लागलं ते खाली लिहितो आहे. क्रमाला फारसा अर्थ नाही. एक नंबरचा मुद्दा तेवढा खरंच एक नंबरचा आहे.

१. शिडाच्या बोटीतलं डिझेल शिळं असतं

मुंबई-गोवा रस्त्यावरचा ट्रक भरलेली टाकी दोन-तीन दिवसांत संपवतो. ट्रॉलर एका फेरीत शेकडो लिटर जाळतो. शिडाच्या बोटीचं इंजिन तासाला दोन-अडीच लिटर पितं, तेही मुरिंग सोडताना थोडा वेळ आणि परत येताना थोडा वेळ. वारा पडला तर आणखी तासभर. १०० लिटरची टाकी अख्खा हंगाम पुरते. जूनच्या तोंडाला बोट पाण्याबाहेर काढली की उरलेलं डिझेल चार महिने ताडपत्रीखाली तसंच पडून राहतं. ऑक्टोबरात बोट पुन्हा उतरते तेव्हा रंग नवा, दोरखंड नवे, शिडं धुऊन आलेली, आणि टाकीत गेल्या मार्चमधलं डिझेल.

बंदरात बोट शांत उभी असते तोवर काही कळत नाही. गाळ तळाला बसलेला असतो, नळी त्याच्या वरून स्वच्छ डिझेल ओढत असते. बाहेर समुद्र उचलला, बोट कलून आपटायला लागली की तळातलं सगळं ढवळून वर येतं. आणि शिडं उतरवून इंजिनावर भिस्त टाकायची वेळही तीच. उधाणाच्या ओहोटीत प्राँग्स रीफच्या दीपस्तंभाला वळसा घालून आत यायचं आहे, पाणी बाहेर ओढतंय, समोरून मालवाहू जहाज येतंय, आणि इंजिन गचके खातंय. लोक याला नशीब म्हणतात. यात नशिबाचा संबंध नाही. टाकी ढवळली गेली की असंच होणार.

२. दोन फिल्टर, दोन कामं

पहिला फिल्टर टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये, भिंतीवर बसवलेला. आम्ही त्याला नुसतं सेपरेटर म्हणतो. लिफ्ट पंपाच्या ओढीने डिझेल त्यात शिरतं, आत गोल फिरतं, पाणी आणि जड कचरा खालच्या पारदर्शक वाटीत पडतो आणि उरलेलं डिझेल कागदी एलिमेंटमधून पुढे जातं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून हे सगळं जमतं. दुसरा फिल्टर इंजिनावरच, इंजेक्शन पंपाच्या अलीकडे. पहिल्याने पाणी आणि जाड कचरा अडवायचा, दुसऱ्याने बारीक.

बारीक म्हणजे किती? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले सत्तर. इंजेक्शन पंपातला प्लंजर ज्या नळकांड्यात वरखाली होतो, तिथली फट दोन-चार मायक्रॉनची. डोळ्यांना दिसणारा कण पंपाच्या हिशोबाने फारच मोठा झाला.

रॅकॉर कंपनीचे एलिमेंट वापरत असाल तर रंगावरून ओळखता येतात: तपकिरी २ मायक्रॉनचा, निळा १० चा, लाल ३० चा. सेपरेटरमध्ये कोणता घालावा यावरून बोटवाल्यांमध्ये कायम वाद असतो. २ चा घालणाऱ्यांचं म्हणणं असं की हा फिल्टर बदलायला सोपा, मग सगळा कचरा इथेच अडू दे, इंजिनावरच्या फिल्टरला हात लावायला नको. डिझेल स्वच्छ असेल तर हे म्हणणं बरोबर आहे. पण टाकी घाण असेल तर २ चा एलिमेंट तासाभरात तुंबतो, तोही भर समुद्रात. मी निळा घालतो, आणि इंजिनावरचा फिल्टर कंपनीने सांगितला असेल तोच ठेवतो. लाल एलिमेंट एखादा जवळ असावा, टाकीने दगा दिला तर घरी येण्यापुरता.

सेपरेटर मोठा घेतला म्हणून पैसे वाया जात नाहीत. डिझेल आत गोल फिरवणाऱ्या रॅकॉरच्या मालिकेतला सगळ्यात लहानही तासाला २२७ लिटर डिझेल गाळू शकतो, आणि आपलं इंजिन पितं दोन-तीन लिटर. मोठ्या एलिमेंटला कागद जास्त, म्हणून तुंबायला वेळ जास्त लागतो.

३. कचरा सापडतो फिल्टरमध्ये, राहतो टाकीत

एका मालकाने एलिमेंटचा अख्खा खोका आणून ठेवला होता. दर रविवारी नवा घालायचा, काळा झालेला काढायचा. फिल्टर किती छान काम करतोय, असं कौतुकही करायचा. मी म्हटलं, 'साहेब, हा तुम्हाला दर आठवड्याला एकच गोष्ट सांगतोय, आणि तुम्ही ती ऐकायच्या ऐवजी त्यालाच बदलताय.' टाकी उघडायला तो तयार झाला तो खोका संपल्यावरच.

टाकी उघडणं सोपं नाही, हे खरं. बहुतेक बोटींत ती सगळ्यात खाली, फळ्यांच्या आत गाडलेली असते. वर हात घालण्याएवढं झाकण नसतं. असलंच तर एक असतं, आणि आत डिझेल हिंदकळू नये म्हणून लावलेले पडदे असतात; एका झाकणातून हात जातो तो एकाच कप्प्यात. प्रत्येक कप्प्याला झाकण हवं. नवीन भोक पाडायचं असेल तर आधी टाकी रिकामी करून वारं खेळू द्या, बॅटऱ्या बंद करा, होलसॉ सावकाश चालवा. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सियस, आणि एप्रिलमध्ये बोटीच्या पोटात तेवढी गरमी असतेच.

डिझेल कॅनमध्ये काढताना वरचं सोनेरी निघतं. शेवटचे चार-पाच लिटर चहासारखे येतात, आणि त्याखाली तळाला काळपट तपकिरी चिकटा. बोटांत धरला की तार सुटते. ही बुरशी. हॉर्मोकोनिस रेझिनी हे तिचं नाव. विमानांच्या केरोसीनच्या टाक्यांतही हिने पूर्वी बराच उपद्रव दिला. ती राहते पाण्यात आणि खाते डिझेल, म्हणून पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे तिचा थर धरतो. त्या थरात तयार होणारं आम्ल अॅल्युमिनियमच्या टाकीला खालून खड्डे पाडतं. किनाऱ्यावर सगळे तिला शेवाळ म्हणतात, पण बंद टाकीत ऊन कुठलं आणि शेवाळ कुठलं?

तार न सुटता कॉफीच्या गाळासारखं रवाळ काळं लागलं, तर ते जुनं डिझेलच साकळलेलं असतं, बुरशी नव्हे. दोन्हींवर उपाय एकच: सगळं काढायचं आणि भिंती पुसायच्या. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे सुटून पुढे फिल्टरमध्येच येतात. सुती धोतराचं जुनं फडकं सगळ्यात चांगलं.

४. पाण्याचा आळ हवेवर घालू नका

'टाकी भरून ठेवा, नाहीतर हवेतल्या दमटपणाचं पाणी होतं' हे प्रत्येक बोटवाला सांगतो. चूक नाही, पण हिशोब करून बघावा. ३० अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम पाणी असतं. टाकीत ८० लिटर जागा रिकामी आहे असं धरा. त्या हवेत सगळं मिळून अडीच ग्रॅमच्या आसपास. मुंबईच्या पावसाळ्यात दिवसरात्रीचा फरक चार-पाच अंशांचा, तेवढ्याने टाकी दिवसाला दीड टक्का हवा आत-बाहेर करते. चार महिने रोज अशी हवा बदलली आणि तिच्यातलं सगळं पाणी आतच राहिलं असं मानलं, तरी पावसाळ्याअखेर चहाचा एखादा चमचा पाणी जमेल. बुरशीला तो चमचा पुरतो, म्हणून टाकी भरलेली बरी. पण वाटीतून पेलाभर पाणी निघत असेल तर ते हवेतून आलेलं नाही.

ते येतं डेकवरच्या झाकणातून. टाकी भरायचं झाकण डेकच्या बरोबरीने बसवलेलं असतं, बोट कलली की त्याच्यावरून समुद्र वाहतो. त्याला एक ओ-रिंग असते. उन्हाने ती कडक होते, चपटी होते, तिला चिरा जातात. झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं आणि थेंब थेंब आत जात राहतो. पावसाळ्यात ताडपत्री झोळ धरते, बरोबर त्याच्यावर तळं साचतं. वीस-तीस रुपयांची रिंग. दर ऑक्टोबरात ती बदलायची, आट्यांना ग्रीस लावायचं, एवढं काम आहे.

दुसरी वाट हवेच्या नळीची. टाकीला श्वास घ्यायला जी नळी बाहेर काढलेली असते तिचं तोंड बऱ्याच बोटींत बाजूच्या पट्टीत असतं. बोट त्या अंगाला खूप कलली तर तोंड पाण्याखाली. नळीला आत उंच वेलांटी दिली आणि तोंड मागच्या बाजूला वर नेलं की ही भानगड मिटते.

तिसरी वाट विकत घेतलेल्या डिझेलची. तिला वेगळा मुद्दा हवा.

५. कॅनमधून सरळ टाकीत ओतू नका

आपल्याकडे शिडाच्या बोटीला जेट्टीवर नळी लावून डिझेल मिळण्याची सोय क्वचितच. पंपावरून कॅन भरायचे, टेंपोत टाकायचे, डिंगीने बोटीवर न्यायचे. कटकट आहे, पण फायदाही आहे: डिझेल टाकीत जाण्याआधी ते बघायची संधी मिळते.

प्रत्येक कॅनच्या तळातून थोडं डिझेल लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत घ्या आणि उन्हाकडे धरा. चकचकीत, आरपार दिसलं पाहिजे. धुरकट दिसलं तर त्यात पाणी मिसळलेलं आहे. बरणी गोल हलवून ठेवली की तळाच्या मधोमध पाण्याचे मणी जमतात. डिझेलमध्ये ते वेगळे, पाऱ्यासारखे दिसतात. घाई नसेल तर कॅन रात्रभर हलवू नका, सकाळी वरचं ओता आणि तळाचं बोटभर ठेवून द्या.

टेफ्लॉनचा लेप दिलेल्या जाळीचं नरसाळं मिळतं. त्यातून डिझेल उतरतं आणि मोकळं पाणी वरच अडतं. उत्तम वस्तू. फक्त ती धीराने वापरायची असते. वरून भसाभस ओतलं, पाणी घुसळलं गेलं, तर बारीक थेंब निसटतात. घुसळून एकजीव झालेलं पाणी ती अडवू शकत नाही. बायोडिझेल मिसळलेलं डिझेल पाणी जास्त धरून ठेवतं, तिथे तर बरणीच खरी.

अनोळखी बंदरात, तेही बॅरलमधून डिझेल घ्यायची वेळ आली तर लागेल तेवढंच घ्या. टाकी काठोकाठ भरून ठेवायचा नियम घरच्या डिझेलसाठी.

६. फिल्टर कोरा, तरी इंजिन बंद

गोव्याहून मुंबईला बोट आणत होतो. फेब्रुवारी, म्हणजे दुपारनंतर वायव्येचा वारा तोंडावर आणि त्याबरोबर आखूड, उभ्या लाटा. सकाळी जमिनीवरून वाहणारी मतलई होती तोवर शिडावर मजेत, मग इंजिन. जयगडच्या अलीकडे आरपीएम वरखाली व्हायला लागले आणि इंजिन विझलं. एलिमेंट काढून बघितला, जवळजवळ कोरा. तरी नवा घातला. एअर काढली, सुरू झालं, पाऊण तास चाललं, पुन्हा विझलं. हात लावायच्या आधी दहा मिनिटं सगळे नुसते बसलो. सेल्फ मारला तर लगेच सुरू!

थोडा वेळ विश्रांती घेऊन इंजिन आपोआप बरं होत असेल तर दोष पुढे नाही, मागे टाकीत आहे. ओढ असते तोवर कचरा नळीच्या तोंडाला चिकटून बसतो, ओढ थांबली की गळून पडतो. सेपरेटरकडची नळी सोडली, तिला डिंगीत हवा भरायचा पायपंप जोडला आणि उलटी फुंकर मारली. टाकीत आधी काहीच नाही, मग एकदम गुडगुड आवाज आला. त्यावर आम्ही जयगडच्या खाडीत शिरलो आणि नांगर टाकला.

टाकीतली ओढनळी बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला पितळी जाळीची टोपी निघाली, करंगळीएवढी. जाळी दिसतच नव्हती, वर चिकट्याचं जाड अस्तर होतं. बांधणाऱ्याचा हेतू चांगला असेल: कचरा इथेच अडावा. पण अडलेला कचरा काढायला तिथे कोणाचा हात पोचणार? फिल्टर नेहमी हाताला येईल अशा जागी असावा, आणि टाकीत तर कधीच नसावा. ती जाळी कापून टाकली, नळीचं टोक तिरकं केलं, तळापासून बोटभर वर ठेवलं. तुमच्या टाकीत अशी जाळी आहे का हे आजवर बघितलं नसेल, तर या हंगामात बघा.

७. व्हॅक्यूम गेज लावा

सेपरेटरच्या डोक्यावर बसणारं छोटं घड्याळ. पंपाला डिझेल ओढायला किती जोर लागतोय ते पाऱ्याच्या इंचांत दाखवतं. नव्या एलिमेंटवर, इंजिन नेहमीच्या वेगाने भारावर चालू असताना, काटा एक-दोनवर असतो. तो आकडा फिल्टरवरच पेनाने लिहून ठेवा. सहा-सातवर गेला की एलिमेंट बदला. इंजिन नुसतं घुमत उभं असताना बघून उपयोग नाही, तेव्हा काटा हलतच नाही. मुख्य काट्याबरोबर पुढे सरकून तिथेच राहणारा दुसरा, तांबडा काटा असलेलं गेज मिळालं तर तेच घ्या; सगळ्यात जास्त कुठवर गेला ते नंतरही दिसतं.

पण गेजचा खरा उपयोग निदानाचा. नवा एलिमेंट घालूनही काटा चढलेला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला: जाळी, कॉक, दबलेली नळी. काटा खाली आणि तरी इंजिनाला डिझेल पुरत नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय, किंवा लिफ्ट पंपाचा पडदा फाटलाय. जयगडला हे घड्याळ असतं तर नवा एलिमेंट वाया गेला नसता.

८. जिथे हवा शिरते तिथे डिझेल गळत नाही

टाकीपासून लिफ्ट पंपापर्यंतचा सगळा भाग ओढीवर असतो. तिथला सांधा सैल असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून मालक सांगतात, 'सगळं कोरडं आहे, गळती नाही.' कोरडं असणारच.

शोधायचं असेल तर ओढीचा दाब करा. आउटबोर्ड मोटरच्या नळीत असतो तसला रबरी फुगा टाकीच्या बाजूला जोडा, पुढचं तोंड बंद करा आणि हाताने दाबा. जो सांधा हवा घेत होता तिथे आता डिझेलचा मणी दिसेल. वर्तमानपत्राचा कागद सांध्याभोवती धरला तर डाग लगेच उठतो.

संशयित ठरलेले. सेपरेटरच्या झाकणाची रिंग, कारण एलिमेंट बदलताना ती पीळ खाऊन बसते. झाकण आवळायच्या दांडीखालची बारीक रिंग, कारण ती कोणी बदलतच नाही. नव्या एलिमेंटच्या डब्यात दोन रिंगा येतात, मोठी वापरतात आणि छोटी डब्याबरोबर फेकतात. आणि वाटीखालचा पाणी सोडायचा कॉक, कारण पाणी काढल्यावर तो घाईत अर्धाच बंद होतो.

९. एअर काढायचं काम हाताला माहीत हवं

हे वाचून येत नाही. शांत दिवशी, नांगरावर, मालकाला स्वतः करायला लावतो. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाच्या इंजिनासाठी क्रम असा: सेपरेटर स्वच्छ डिझेलने काठोकाठ भरून झाकण लावा. इंजिनावरच्या फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू एक-दोन आटे सैल करा, खाली फडकं धरा. लिफ्ट पंपाची छोटी दांडी बोटाने हलवत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की दांडी हलवतानाच स्क्रू आवळा. तेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. मग नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून थोडा सेल्फ, डिझेल फुटलं की आवळा.

दांडी कधीकधी ढिली लागते, पंप काही उचलत नाही. पंप खराब झालेला नसतो. आतला कॅम वर येऊन थांबलेला असतो. पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन एक फेरा फिरवा, दांडीला जोर येईल.

स्क्रूखाली तांब्याचे वायसर असतात. वापरून ते कडक होतात आणि मग कितीही आवळलं तरी पाझरतात. नवे नसतील तर गॅसच्या शेगडीवर लाल करून पाण्यात टाका, मऊ पडतात. पाझरतो म्हणून स्क्रू आणखी आवळत बसलात तर अॅल्युमिनियममधले आटे जातात आणि पाच रुपयांच्या वायसरपायी फिल्टरचं अख्खं डोकं बदलावं लागतं.

१०. सेल्फ मारत बसण्याआधी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद

हा मुद्दा फिल्टरचा नाही, पण फिल्टर तुंबल्यावर होणारं सगळ्यात महागडं नुकसान इथेच होतं. शिडाच्या बोटीत समुद्राचं पाणी इंजिन थंड करून एक्झॉस्टमध्ये सोडलेलं असतं. ते सायलेन्सरच्या डब्यात जमतं आणि इंजिनाच्या धुराच्या दाबाने बाहेर फेकलं जातं. इंजिन पेटत नाही आणि तुम्ही सेल्फ मारत राहता, तेव्हा पाण्याचा पंप फिरतो, धूर मात्र नसतो. डबा भरतो, पाणी उलटं चढतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. मग ऑइल दुधासारखं पांढरं, नाहीतर कनेक्टिंग रॉडच वाकलेला. बिघाड तुंबलेल्या फिल्टरचा आणि बिल इंजिन उतरवल्याचं.

म्हणून एअर काढताना कॉक बंद, इंजिन पेटल्याबरोबर कॉक उघडा. उघडायचं राहिलं तर पंपाचं रबरी चक्र कोरडं फिरून मिनिटा-दोन मिनिटांत जळतं. कॉक बंद असेल तेव्हा त्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधून तिचं दुसरं टोक किल्लीला अडकवतो. दिसायला गावठी, पण विसरायला होत नाही.

११. औषधाने टाकी साफ होत नाही

बुरशी मारायची औषधं मिळतात आणि ती मारतातही. पण मेलेली बुरशी जाते कुठे? भिंतींवरून सुटून थेट नळीकडे. म्हणून औषध लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी कधीही टाकू नये. आधी टाकी हाताने साफ, मग थोड्या मात्रेने औषध, विशेषतः मेअखेर बोट वर काढताना. 'पाणी नाहीसं करणारी' द्रव्यंही विकायला असतात. त्यांतली बरीचशी पाणी डिझेलमध्ये मिसळवून टाकतात, म्हणजे सेपरेटरने जे खाली पाडायचं तेच त्याच्यातून पुढे सोडतात आणि तापलेल्या नोझलच्या तोंडाशी त्याची वाफ होते. मला ती पटत नाहीत. पाणी वेगळं राहिलं तर काढता येतं.

डिझेल टाकीतल्या टाकीत फिरवून गाळणारी स्वतंत्र पंपाची यंत्रणाही हल्ली लोक मागतात. महिनोन् महिने समुद्रात राहणाऱ्या बोटीला ती शोभते. गोव्यात दिवाडीला बांधलेल्या, नौदलाच्या 'म्हादेई' आणि 'तारिणी'सारख्या ५६ फुटी शिडाच्या बोटी पृथ्वीप्रदक्षिणेला निघतात, तेव्हा डिझेल बोट ढकलायला कमी आणि वीज करायला जास्त लागतं, आणि ते महिने महिने चांगलं ठेवावं लागतं. मांडव्यापर्यंत जाऊन येणाऱ्या बोटीला तेवढ्याच पैशात टाकीला दोन झाकणं पाडून मिळतात. शिवाय छोट्या पंपाच्या मंद धारेने कोपऱ्यातला गाळ हलत नाही, मधलंच डिझेल पुन्हा पुन्हा गाळलं जातं.

१२. बोटीवर काय असावं

सेपरेटरचे निदान तीन एलिमेंट, इंजिनावरच्या फिल्टरचे दोन, दोन्ही मापांच्या रिंगा, तांब्याच्या वायसरांची पुडी, नळीचे क्लिप, मीटरभर डिझेलची नळी, पायपंप, बरणी, फडकी, आणि दोन लिटर गाळलेलं डिझेल बंद बाटलीत. एलिमेंट विकत घेतल्यावर एकदा घालून बघा. डब्यावरचा नंबर बरोबर आणि आतला माल दुसराच, असं होतं. सगळ्या स्क्रूंना लागणारे पाने एका दोरीत ओवून इंजिनाजवळच टांगा. काढलेलं काळं डिझेल समुद्रात ओतू नका. आठवडाभर कॅनमध्ये बसू दिलं की वरचं निम्मं निवळतं. गंजलेले नटबोल्ट भिजत घालायला ते मी घेऊन जातो, पैसे मागत नाही.